जीवामृताच्या पिंपात नत्र किती?

बांधावरून : माझ्या चार एकर कोरडवाहू शेतापैकी एका एकरात गेली तीन वर्षे रासायनिक खत आणि औषध पूर्ण बंद आहे. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर सांगतात त्याप्रमाणे २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ व बेसन आणि मूठभर बांधावरची माती कालवून मी जीवामृत करतो. कपाशीचा उतारा थोडा घटला, पण त्या एकरापुरती कृषी केंद्राची उधारी राहिली नाही. अल्पभूधारकांनी हाच मार्ग धरावा, असे माझे मत आहे.

काळी माती : उधारीचा मुद्दा मान्य, हिशेब मात्र अपुरा आहे. ताज्या शेणात नत्र (नायट्रोजन) अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे १० किलोंत ५० ग्रॅम. गोमूत्र आणि बेसन धरले तरी पिंपभर जीवामृतातून पाव किलोच्या आसपासच नत्र मिळते, तर युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत ते २० किलोंहून अधिक असते. तुमची कपाशी आज मातीतली जुनी शिल्लक खात नसेल कशावरून?

बांधावरून : जीवामृत हे खत नव्हेच, ते विरजण आहे, त्यातले जिवाणू मातीतली अन्नद्रव्ये पिकाला उपलब्ध करून देतात.

काळी माती : विरजण लावायला भांड्यात दूध असावे लागते. स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकून पडलेले असते, त्यामुळे त्याच्यापुरते हे म्हणणे पटण्यासारखे आहे. पण नत्र एक तर हवेतून यायला हवे, नाहीतर शेणखत-पालापाचोळ्यातून. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी थांबवली, भाताचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली. (तुमचा एक एकर म्हणजे श्रीलंका नव्हे, हे मलाही कळते.)

गोठ्यातली : आमच्याकडे पहाटे गाय उठण्याच्या वेळी बादली घेऊन गोठ्यात मी उभी असते, कारण तेवढी वेळ चुकली की गोमूत्र जमिनीत जाते. दोनदा गाळले नाही तर बेसनाच्या गाठींनी पंपाचे नोझल तुंबते, ते काढून धुणेही माझ्याकडेच. ही मजुरी खर्चाच्या कोणत्या रकान्यात लिहायची?

बांधावरून : मजुरी मी धरली नव्हती, ही चूक आहे. नत्रासाठी कपाशीत तूर आहेच, तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र धरतात. यंदा मूग घेऊन त्याचा पाला त्याच ओळींत आच्छादनाला ठेवतो आणि पेरणीआधी मातीचा नमुना तपासायला देतो.

काळी माती : नमुना उरलेल्या तीन एकरांचाही द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?