जुनी जपानी फुलदाणी, लाकडाच्या भट्टीतली: बुडाखाली ओल येते, फांदीही ठरत नाही

पानगळ:
ग्लेझ (काचेसारखा लेप) नसलेली फुलदाणी आहे. उंची २४ सेंमी, पोट ११ सेंमी, तोंड आतून ५ सेंमी. रंग गडद तपकिरी. एका खांद्यावर पिवळट दाणे ओघळलेत, दुसरी बाजू जवळपास कोरी. माती बारीक, खडे दिसत नाहीत. बुडावर कोरलेली खूण आहे. सोबत लाकडी पेटी, झाकणावर शाईने लिहिलेलं.
बिझेन आणि शिगाराकी या जपानी मातीकामाच्या दोन परंपरांपैकी ही कुठली? रात्रभर पाणी ठेवलं की खालच्या कागदावर ओलं कडं उमटतं, ते थांबवता येईल का? केन्झान (फांद्या रोवायची खिळ्यांची जड चकती) तोंडातून जात नाही आणि फांदी आतल्या आत फिरते, तिला कसं धरायचं? आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कशाने काढावेत?

तांबडमाती:
वर्णनावरून बिझेन. शिगाराकीच्या भरड मातीत फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे दाणे वर आलेले दिसतात आणि राखेची हिरवट काच ओघळते. बिझेनची माती ओकायामा प्रांतातल्या इम्बे परिसरात भातखाचरांखालून काढतात. ती चिकट, बारीक आणि लोहयुक्त असते. भट्टी लाल पाइनच्या लाकडावर आठ-पंधरा दिवस चालते आणि तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. ज्वाळेबरोबर उडालेली राख समोरच्या बाजूला बसून वितळते, तिला 'गोमा' म्हणजे तीळ म्हणतात. ते एकाच खांद्यावर असणं चांगलं लक्षण आहे. चहूबाजूंनी सारखे दाणे असतील तर राख आधीच फवारलेली असण्याचा संशय घ्यावा. आत बोट फिरवून बघा: चाकावरच्या वळ्या लागतात की साच्याची उभी शिवण?

पेटीवर एकदम विश्वास ठेवू नका, पेट्या बदलल्या जातात. फुलदाणी तिच्यात नीट बसते का आणि बुडावरची खूण झाकणावरच्या सही-शिक्क्याशी जुळते का, दोन्ही तपासा. कानेशिगे तोयो (१९५६ मध्ये) किंवा फुजिवारा केई (१९७० मध्ये) अशा जपान सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिलेल्या कुंभारांचं नाव निघालं, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय काही ठरवू नये.

झरा:
आधी ओल कुठून येते ते शोधा. पूर्ण वाळवा, पाणी भरा, दर दोन तासांनी बाहेरून बघा. सगळीकडे सारखा दमटपणा म्हणजे सच्छिद्र माती. एकच गडद रेघ म्हणजे तडा. बोटाने टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला तरी तडाच समजा.

तडा नसेल तर पेजेचा उपाय करा. पातेल्यात तळाला फडकं घालून फुलदाणी बुडेल इतकं गार पाणी घ्या, लिटरमागे एक मोठा चमचा तांदळाची पिठी कालवा, मंद आचेवर वीस-तीस मिनिटं ठेवा, खळखळून उकळू देऊ नका. गार होईपर्यंत बाहेर काढायची नाही. बिझेनची घट्ट माती तापमानाचा झटका सोसत नाही, गरम पाण्यात टाकली तर तडकते. पिष्ट छिद्रांत बसतं. नंतर आतबाहेर धुऊन तीन-चार दिवस वाळवा. लाखेने किंवा सोन्याने सांधलेली असेल तर हा प्रयोग अजिबात नको.

पानगळ:
ओल सगळीकडे सारखी आहे. सांधा कुठेच नाही.

कोवळी_फांदी:
तरीही मी पेज सुचवणार नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ते पिष्ट आंबतं, बुरशी धरतं. त्यापेक्षा तोंडातून जाणारी काचेची किंवा प्लास्टिकची नळी आत सोडा, पाणी तिच्यातच ठेवा. जपानी लोकही 'ओतोशी' म्हणून असं आतलं भांडं वापरतात.

फांदीचं म्हणाल तर उंच फुलदाणीत केन्झान लागतच नाही. ही 'नागेइरे', म्हणजे उंच फुलदाणीत फांद्या टेकवून मांडायची जपानी पद्धत. ताजी हिरवी काडी तोंडाच्या आतल्या मापापेक्षा केसभर मोठी कापून काठाखाली २ सेंमीवर आडवी दाबा. सुकी काडी घेऊ नका, भिजून फुगते आणि तोंड तडकवते. जोर लावावा लागला तर काडी कापून लहान करा. काडी मधोमध नको, एका बाजूला घ्या, आणि देठ छोट्या फटीत घाला. देठाला काडी, काठ आणि आतली भिंत असे तीन टेके मिळाले की तो फिरत नाही. जड फांदीचं टोक ४-५ सेंमी उभं चिरून त्यात दुसरी चिरलेली काडी अडकवा आणि ती बुडापर्यंत टेकवा. नळी वापरायची तर आडवी काडी नळीच्या वर येऊ द्या, नळीत ठोकू नका.

सोगेत्सु या जपानी पुष्परचनेच्या घराण्याच्या हिशेबाने फुलदाणीची उंची अधिक रुंदी ३५ सेंमी. मुख्य फांदी त्याच्या दीडपट म्हणजे ५२ सेंमी, दुसरी तिच्या पाऊणपट, ३९, तिसरी २९. ही सगळी मापं काठाबाहेरची. देठ पाण्याखाली तिरका कापा.

एक-दोनच फुलं लावणार असाल तर काडीही नको, पण मग मांडण्याआधी फुलदाणी बाहेरून भिजवून घ्या. ओल्या बिझेनचा रंग खुलतो, चहाविधीत असंच करतात. तिथे उग्र वासाची फुलं वर्ज्य असतात, म्हणून निशिगंध टाळा.

झरा:
पावसाळी हवेचा मुद्दा मान्य, दमट जागी नळीच बरी.
डागांसाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक अॅसिड, तासभर, मग दोन-तीनदा साध्या पाण्यात भिजवून काढा. ब्लीच आणि तारेची घासणी नको. ब्लीच छिद्रांत मुरून पुढच्या फुलांना मारतं. नळीत गाळलेलं, क्षार काढलेलं पाणी भरलं तर डाग परत पडणार नाहीत. पेटीत ठेवण्याआधी तोंड खाली करून किमान तीन दिवस वाळवा, नाहीतर पेटीचं लाकूडही बुरसटतं.