लग्नाचा फोटोग्राफर ठरवण्यापूर्वी त्याला कोणते प्रश्न विचारावेत?

प्रश्न : मोरपीस

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले असून छायाचित्रणाची व्यवस्था पाहण्याचे काम घरच्यांनी माझ्यावर सोपवले आहे. आतापर्यंत ज्यांच्याशी बोलणे झाले, त्या सर्वांचे निवडक फोटो देखणे आहेत आणि सर्वांच्या दरपत्रकांत तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात : कँडिड, पारंपरिक, सिनेमॅटिक व्हिडिओ, अल्बम. मी काहीही विचारले तरी "काळजी करू नका, सगळे व्यवस्थित होईल" असे उत्तर मिळते. ते मनापासून दिलेले असेलही, पण त्यावरून एकाची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही आणि शेवटी हातात केवळ दराचा आकडा उरतो.

मला कॅमेऱ्याचे तांत्रिक ज्ञान नाही. म्हणून असे प्रश्न हवे आहेत, ज्यांचे उत्तर ऐकून माझ्यासारखीलाही समोरच्याची तयारी पडताळून पाहता येईल. राहून गेलेला क्षण पुन्हा टिपता येत नाही, त्यामुळे थोडी धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : तिरपेऊन

मी अनेक वर्षे लग्नांचे छायाचित्रण करतो, त्यामुळे हे उत्तर त्या बाजूने लिहीत आहे. "काळजी करू नका" हे उत्तर येते, कारण बहुतेक वेळा प्रश्नच तसा असतो. "फोटो चांगले येतील ना?" या प्रश्नाला दुसरे कोणते उत्तर येणार? प्रश्न असा विचारावा की त्याचे उत्तर एखाद्या व्यक्तीचे नाव, एखादी तारीख, एखादी वस्तू किंवा प्रत्यक्ष दाखवता येईल असे काम असेल.

सर्वप्रथम, एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखवायला सांगा. संकेतस्थळावरचे निवडक फोटो हे कित्येक लग्नांतून वेचलेले असतात. त्यांवरून त्या माणसाची सर्वोत्तम कामगिरी कळते, पण त्याचा नेहमीचा दर्जा कळत नाही. ग्राहकाला प्रत्यक्षात सोपवलेला पूर्ण संच पाहताना नवरा-नवरीचे मांडून काढलेले फोटो भराभर पुढे सारा आणि कंटाळवाण्या वाटणाऱ्या जागी थांबा : मोठ्या घोळक्याच्या फोटोत मागच्या रांगेतले चेहरे स्पष्ट आहेत का, संध्याकाळनंतर सभागृहात काढलेल्या फोटोंत त्वचेचा रंग पिवळट किंवा जांभळट झाला आहे का, एकाच दालनातील दोन फोटोंत तीच साडी वेगळ्या रंगाची दिसते का. सावळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही वर्णांचे चेहरे एकाच चौकटीत असतील, तर दोघांचाही वर्ण खरा दिसतो का, हे मुद्दाम पाहा. पुष्कळ जण सरसकट सगळ्यांची त्वचा उजळ करतात, आणि ते मला व्यक्तिशः अजिबात मान्य नाही. आपल्या बहिणीचा चेहरा आपल्या बहिणीसारखाच दिसला पाहिजे.

दुसरा प्रश्न प्रकाशाविषयीचा असावा, कारण लग्नाच्या छायाचित्रणातील बहुतेक अडचणी तिथेच असतात. सभागृहात खिडकीतून येणारा उजेड साधारण ५५०० केल्विनच्या आसपास असतो (केल्विन हे उजेडाचा रंग मोजण्याचे एकक; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), जुन्या पद्धतीचे पिवळे दिवे ३००० केल्विनच्या आसपास असतात आणि त्यात व्यासपीठावर रंगीत एलईडी दिव्यांची भर पडते. डोळा हे सर्व आपोआप जुळवून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. म्हणून विचारा : "या जागेत तुम्ही पूर्वी काम केले आहे का, आणि नसेल तर आधी येऊन पाहणार का?" पुढे असेही विचारा की छत फार उंच किंवा गडद रंगाचे असेल तर तुम्ही प्रकाशाची सोय कशी करता. पांढऱ्या, बेताच्या उंचीच्या छतावर फ्लॅश टाकून मऊ उजेड मिळवता येतो, परंतु छत काळपट किंवा फार उंच असल्यास तो उपाय चालत नाही आणि स्टँडवर वेगळे दिवे उभे करावे लागतात. ज्याने हे काम केले आहे तो या प्रश्नावर लगेच बोलू लागतो. काही एलईडी दिवे अतिशय वेगाने लुकलुकतात आणि कॅमेऱ्याचे इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता फोटो टिपण्याची सोय) वापरल्यास फोटोत आडवे पट्टे उमटतात. हेही तो बहुधा आपणहून सांगेल. नाचगाण्याच्या कार्यक्रमात लेझरचे झोत असणार असतील तर ते त्याला आधीच कळवा, कारण थेट भिंगात शिरलेला लेझर कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, कायमचा निकामी करू शकतो.

तिसरा प्रश्न फोटोंच्या सुरक्षिततेचा. "तुमच्या कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवले जातात का?" एवढेच विचारा. चांगल्या कॅमेऱ्यांत कार्डांसाठी दोन खाचा असतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर लिहिण्याची सोय असते. एक कार्ड बिघडले तरी दुसरे शिल्लक राहते. त्यानंतर त्या रात्री घरी गेल्यावर तो काय करतो, ते विचारा. आमच्या व्यवसायातील सर्वमान्य पद्धत अशी आहे की फोटोंच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातील १ प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. "आमच्याकडे एक हार्ड डिस्क आहे" एवढेच उत्तर आले, तर मी तिथे थांबून विचार करीन. दुसरा कॅमेरा, दुसरा फ्लॅश आणि जास्तीच्या बॅटऱ्या सोबत असतात का, हेही याच ओघात विचारून घ्यावे.

उत्तर : शाईदौत

वरील उत्तर तांत्रिक बाजूने परिपूर्ण आहे. मी करारपत्रे तपासण्याचे काम करते, म्हणून कागदाच्या बाजूने लिहिते.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे : "लग्नाच्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार?" आपण बोलतो एका व्यक्तीशी, काम आवडते त्याच व्यक्तीचे, आणि प्रत्यक्षात संस्थेकडून दुसराच कोणी येतो. यात फसवणूकच असते असे नाही, कारण एका तारखेला अनेक कामे घेणाऱ्या संस्था असतात आणि त्यांच्याकडे उत्तम सहकारीही असतात. परंतु मुख्य छायाचित्रकार कोण, त्याच्याबरोबर किती जण, आणि तो आजारी पडल्यास त्याच्या जागी कोण, हे नावानिशी लिहून घ्यावे. पर्यायी व्यक्तीचे कामही तुम्हाला आधी पाहता आले पाहिजे.

पैशांबाबत एवढेच सांगते की आगाऊ रक्कम कोणत्या परिस्थितीत परत मिळेल, लग्नाची तारीख पुढे गेल्यास ती नव्या तारखेला लागू होईल का, आणि ठरलेल्या तासांपेक्षा कार्यक्रम लांबला तर जादा तासाचा दर काय, हे तिन्ही मुद्दे करारात असावेत. तास कधीपासून मोजले जातात, म्हणजे छायाचित्रकार पोहोचल्यापासून की पहिला कार्यक्रम सुरू झाल्यापासून, हा साधा मुद्दा अनेक वादांचे मूळ असतो.

स्वामित्वहक्काचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही आणि तो विचारलाच पाहिजे. याविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. अमेरिकेत सर्वसाधारणपणे याच्या उलट स्थिती आहे : लेखी करार वेगळे सांगत नसेल तर हक्क छायाचित्रकाराकडेच राहतो. ब्रिटनमध्येही हक्क सामान्यतः छायाचित्रकाराचा असतो, पण तिथल्या १९८८च्या कायद्याने खासगी व घरगुती कारणासाठी फोटो काढून घेणाऱ्याला ते जाहीरपणे प्रसिद्ध न होऊ देण्याचा वेगळा अधिकार दिला आहे. कुठेही असलात तरी "उलट करार नसेल तर" या शब्दांकडे लक्ष द्या. छापील करारातील एका ओळीने तुमचा हक्क दुसऱ्याकडे जाऊ शकतो आणि ती ओळ बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असते.

त्याला जोडूनच विचारावे : "आमचे फोटो तुम्ही समाजमाध्यमांवर किंवा जाहिरातीत वापरणार का?" वधूवरांची हरकत नसेल, पण घरातील लहान मुलांचे किंवा पाहुण्यांचे फोटो जाहीर व्हावेत असे सर्वांना वाटत नाही. काही जण पाहुण्यांना चेहरा ओळखून आपापले फोटो शोधून देणारी सेवा देतात. ती सोयीची आहे, परंतु त्यासाठी सर्वांचे चेहरे एखाद्या तिसऱ्या कंपनीच्या संगणकावर साठवले जातात. ते किती काळ राहतात आणि कोण पाहू शकते, हे विचारून मगच होकार द्यावा.

उत्तर : ओटीवरून

आमच्या घरी अलीकडेच मुलाचे लग्न झाले, म्हणून फोटो हातात येण्याच्या टप्प्याविषयी लिहितो. लग्नापूर्वी सगळे लक्ष त्या दिवसाकडे असते आणि त्यानंतरच्या महिन्यांचा विचार कोणी करत नाही.

संपादित केलेले फोटो कधी मिळणार, व्हिडिओ कधी मिळणार आणि अल्बम कधी मिळणार, या तीन तारखा वेगवेगळ्या विचाराव्यात. अल्बमसाठी फोटोंची निवड तुम्हाला करायची असते आणि उशीर पुष्कळदा आपल्याच घरात होतो, कारण प्रत्येकाला आपला फोटो हवा असतो. निवड अमुक दिवसांत दिली नाही तर काय, असा मुद्दा त्यांच्या करारात असल्यास तो नीट वाचा. अल्बमच्या मांडणीत किती वेळा बदल सुचवता येतात आणि कोणत्या बदलानंतर जादा पैसे पडतात, हेही ठरवून घ्यावे.

दुसरे असे की, बोलताना छायाचित्रकार तुम्हाला काय विचारतो, याकडे लक्ष द्या. आम्ही ज्यांची निवड केली, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले की घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाला फार वेळ उभे राहता येत नाही, कोणाचा एकत्र फोटो हवाच आहे, आणि ज्यांना शेजारी उभे करू नये असे कोणी नातेवाईक आहेत का. शेवटचा प्रश्न ऐकून आमच्या सौभाग्यवती क्षणभर गप्प झाल्या, पण त्या प्रश्नामुळेच आमचा विश्वास बसला. नातेवाइकांच्या गटफोटोंची यादी त्यांनी आमच्याकडून आधी लिहून घेतली आणि सर्वांना नावाने ओळखणारा घरातील एक जण आपल्यासोबत द्या, असे सांगितले. छायाचित्रकाराला आत्या कोण आणि मामी कोण हे कसे कळणार? ते सांगणारे माणूस आपणच द्यायचे असते.

मोरपीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरील प्रश्न मी विचारले आणि उत्तरांत स्पष्ट फरक दिसला. ज्यांचे काम मला सर्वाधिक आवडले आहे, त्यांनी बहुतेक गोष्टी लेखी द्यायला होकार दिला, मात्र दोन गोष्टींना नकार दिला. एक म्हणजे रॉ फाइल्स देणार नाहीत. दुसरी म्हणजे, पूर्ण लग्नाचे फोटो पाठवणार नाहीत, कारण ते दुसऱ्या ग्राहकाचे खासगी फोटो आहेत. हा नकार योग्य समजावा की टाळाटाळ?

उत्तर : तिरपेऊन

पहिला नकार या व्यवसायात सर्रास दिला जातो आणि मी स्वतःही तो देतो. रॉ फाइल म्हणजे सेन्सरने नोंदवलेली मूळ माहिती. पुष्कळ कॅमेऱ्यांत ती १४ बिटांची असते, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या उजेडाच्या १६,३८४ पातळ्या तिच्यात नोंदवता येतात, तर नेहमीच्या जेपीईजीमध्ये, म्हणजे फोटोच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात. त्या जास्तीच्या माहितीमुळेच आम्हाला अंधारलेला चेहरा उजळता येतो आणि पिवळा रंग दुरुस्त करता येतो. पण ती फाइल विशेष सॉफ्टवेअरशिवाय नीट उघडत नाही, ती फिकट दिसते, आणि दुसऱ्या कोणी तिच्यावर कसेही संपादन केले तरी काम आमच्याच नावावर जाते. त्याऐवजी तुम्ही पूर्ण आकाराच्या, संपादित जेपीईजी मागाव्यात आणि "पूर्ण आकार" हे शब्द करारात लिहून घ्यावेत. १२ × १८ इंचांचा फोटो ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० बिंदू) छापायचा झाला तर ३६०० × ५४०० बिंदू लागतात, म्हणजे सुमारे २० मेगापिक्सेल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून सहज पाठवलेली प्रत याच्यापेक्षा पुष्कळ लहान असते आणि तिच्यावरून मोठा फोटो चांगला निघत नाही. रॉ फाइल्स त्यांच्याकडे किती काळ जपून ठेवल्या जातील, एवढे मात्र विचारा, कारण काही वर्षांनी एखादा फोटो पुन्हा करून हवा असल्यास त्या लागतात.

दुसऱ्या नकाराबद्दल मला त्या व्यक्तीविषयी आदरच वाटला. जो दुसऱ्याचे फोटो तुम्हाला सहज पाठवतो, तो उद्या तुमचेही कोणाला पाठवेल. तरीही पूर्ण काम पाहण्याचा तुमचा आग्रह सोडू नका. त्यांच्या जागी जाऊन, त्यांच्याच पडद्यावर, ज्या ग्राहकांनी परवानगी दिली आहे अशांच्या लग्नाचा संच पाहता येईल का, असे विचारा. छापील अल्बमचा नमुनाही तेव्हाच हातात घेऊन पाहा : पान उलगडल्यावर मधल्या घडीत कोणाचा चेहरा दुमडला जातो का, काळे केस छपाईत एकसंध काळे झाले आहेत की बटा वेगळ्या दिसतात. एवढी सोय करायलाही ते तयार नसतील, तर मात्र ती टाळाटाळ समजावी.

उत्तर : शाईदौत

यात एकच भर घालते. ते जे तोंडी मान्य करतील ते त्याच दिवशी ई-मेलवर लिहून त्यांच्याकडे पाठवा आणि "हे बरोबर आहे" असे त्यांचे उत्तर आल्यावरच आगाऊ रक्कम द्या. रक्कम बँकेतून द्यावी आणि पावतीवर लग्नाची तारीख व मुख्य छायाचित्रकाराचे नाव असावे, असा आग्रह धरावा.

मोरपीस

त्यांच्याकडे जाऊन पाहण्याची वेळ ठरवली आहे. बहिणीलाही सोबत नेणार आहे, आणि जाण्यापूर्वी आईकडून गटफोटोंची यादी लिहून घ्यायला बसणार आहे.