झाडांच्या ओळीलगतचा सेंद्रिय कर्ब आणि मातीतले जीव : कोणामुळे कोण?

प्रश्न : वनशेतीच्या (झाडांच्या ओळी आणि त्यांच्या मध्ये पिके अशा शेतीच्या) पट्ट्यात झाडांच्या ओळीलगत खणले असता गांडुळे, वाणी किडे आणि गोमी पुष्कळ सापडतात, नांगरल्या जाणाऱ्या मधल्या भागात हे जीव क्वचितच दिसतात. माती तपासणीत सेंद्रिय कर्बही (कुजलेल्या वनस्पती व जीवांच्या अवशेषांतला कार्बन) ओळीलगतच जास्त आला, मात्र तो फक्त वरच्या १५ सेंटिमीटरच्या थरात. जीवांमुळे कर्ब वाढला, की कर्बामुळे जीव आले?

प्रतिसाद १ : माझ्या मते दोन्हींचे मूळ झाडात आहे. पालापाचोळा, मरत राहणारी बारीक मुळे आणि न नांगरलेली ओलसर जमीन तेथे एकत्र येते, त्यामुळे जीवांना खाद्य व निवारा मिळतो आणि कर्बही साचतो. जीव नवा कर्ब आणत नाहीत. आलेल्या कर्बाचे पुढे काय होईल, हे ते बऱ्याच अंशी ठरवतात. वाणी पाला कुरतडतात, तर उभी बिळे करणारी गांडुळे तो खाली ओढून नेतात. त्यांच्या विष्ठेत सेंद्रिय द्रव्य चिकणमातीच्या कणांत असे बांधले जाते की जिवाणूंना ते सहजी मिळत नाही. (विष्ठा ताजी असताना मात्र विघटन उलट वेगाने होते, त्यामुळे गांडुळे दिसली म्हणजे कर्ब वाढलाच, असे समजू नये.)

प्रतिसाद २ : सहमत, पण आपण टक्केवारी पाहिली आहे की साठा? कर्ब १ टक्का आणि मातीची घनता दर घन सेंटिमीटरला १.४ ग्रॅम असेल, तर १५ सेंटिमीटरच्या थरात हेक्टरी २१ टन कर्ब भरतो. जीवांनी पोखरून भुसभुशीत केलेल्या मातीची घनता १.२ असेल, तर त्याच टक्केवारीला १८ टनच. नमुने किमान ३० सेंटिमीटरपर्यंत घ्यावेत, कारण झाडाची मुळे १५ सेंटिमीटरवर थांबत नाहीत.

प्रश्नकर्ता : घनता मोजलेली नाही, ती चूक माझीच. जीवांची मोजणी कशी करावी?

प्रतिसाद १ : माती ओलसर असताना २५ बाय २५ सेंटिमीटरचा, ३० सेंटिमीटर खोल ठोकळा काढून मोठे जीव हाताने वेचावेत. सूक्ष्म कोळी आणि स्प्रिंगटेल (मातीतले बारीक बिनपंखी जीव) यांसाठी बर्लेझ नरसाळे लागते, ज्यात माती जाळीवर ठेवतात. वरच्या दिव्याच्या उष्णतेने माती सुकत जाते आणि जीव खालच्या बाटलीत उतरतात. नोंद गटवार ठेवावी, कारण एका ठोकळ्यात वाळवीची वसाहत लागली तरी एकूण संख्या फुगते, विविधता नव्हे.