प्रवासात लिहिणाऱ्याला नवा फोन म्हणजे चोचले?

डब्यातली लेखणी
काल इथे एकांनी लिहिलं, ‘लिहिणाऱ्याला नवा फोन कशाला? ज्याला लिहायचंय तो वहीतही लिहितो, बाकी सगळे चोचले.’ रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी रोज बदलापूरहून सीएसएमटीला जाते. सकाळी बसायला जागा मिळत नाही. एका हातात वरची कडी, दुसऱ्यात फोन. वही कुठे धरू? माझा जुना फोन 3 जीबी रॅमचा. लिहिता लिहिता एखादा शब्द बघायला ब्राउझर उघडला की परत येईपर्यंत नोट्सचं ॲप बंद. मागच्या पावसाळ्यात गाडी तासभर रखडली तेव्हा आजीच्या शेवटच्या दिवसांवर लिहीत होते. आजी उशाखालची चाव्यांची जुडी चाचपायची, इथवर आले होते. गेलं सगळं. पुन्हा लिहिलं, पण तसं उतरलं नाही. मग हप्ते बांधून 8 जीबीचा घेतला. 7 महिन्यांत एक ओळ गेलेली नाही. याला चोचले म्हणणाऱ्यांनी त्या गर्दीत एकदा उभं राहून बघावं.

गुडघ्यावरची डायरी
ते ‘एक’ मीच. ताई, आजीचं वाचून वाईट वाटलं. पण 31 वर्षं एसटीने शाळेत जाऊन मी मांडीवर डायरी ठेवून लिहिलं. अक्षर हलायचं, एवढंच. डायरीतलं पान आपोआप बंद होत नाही. आणि नव्या फोनसोबत दहा नवी ॲप येतात. लिहिणारा लिहायचा थांबतो आणि रील बघत बसतो. माझ्या घरातच बघतोय.

डब्यातली लेखणी
तुम्हाला बसायला सीट होती, सर.

दुरुस्तीवाला
दुकानात रोज हेच बघतो, म्हणून सांगतो. निम्म्या लोकांना नवा फोन लागतच नाही. लिथियम बॅटरी 500 ते 800 वेळा पूर्ण चार्ज झाली की क्षमता साधारण 80 टक्क्यांवर येते, मग दुपारीच फोन मान टाकतो. बॅटरी बदला. स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर रिकामं करा, फोन पळायला लागतो. ताईंचं एक मात्र खरं. रॅम मागून वाढवता येत नाही. 3 जीबीत कीबोर्ड, ब्राउझर, नोट्स एकत्र टिकत नाहीत. तिथे फोन बदलण्यावाचून इलाज नाही.

घाटातला बोगदा
तुम्ही सगळे अजून बोटांनीच लिहिताय! मी डेक्कन क्वीनने जातो, 192 किलोमीटर. नव्या फोनचा माइक चांगला आहे, दारात उभा राहून बोलतो, मराठी उमटत जातं. घाटात बोगद्यांमागून बोगदे आले की नेट जातं आणि डिक्टेशन थांबतं. तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचं.

काऊन बे
बोलून लिहा म्हणणाऱ्यांचं मला भारी नवल वाटते. मी वऱ्हाडीत लिहितो. ‘माह्या मायनं’ बोललो तर ‘माझ्या मायने’ उमटते. ‘काऊन’चं ‘कौन’ होते. दहा हजाराचा फोन घ्या नाहीतर सत्तर हजाराचा, त्याले पुस्तकी मराठीच समजते. माझं पात्र शेतमजूर बाई आहे, ती पुण्याच्या मास्तरणीसारखी बोलते असं छापून आलं तर तोंड कुठं लपवू?

शिफ्ट जे
याचं उत्तर एकच, इन्स्क्रिप्ट शिका, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड. बोली असो, काहीही असो, जे दाबाल तेच उमटतं. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांनी भाषेची वाट लावली आहे. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं आणि कोणाला कळतही नाही. संगणकावर शिफ्ट दाबून जे, की ऱ. पुढे हलन्त, य. तीन खुणा, पंधरा दिवसांत बोटांत बसतात.

काऊन बे
दादा, रोमन टायपिंगनं मी दोन कथासंग्रह लिहिले. भाषेची वाट लावली म्हणता, आधी वाचा तरी.

शिफ्ट जे
वैयक्तिक घेऊ नका. पण मी अंकांची मुद्रितं तपासतो. ‘सह्याद्रीच्या दर्या’ दुरुस्त करून करून डोळे गेले. सह्याद्रीत समुद्र घुसवलाय लोकांनी.

काऊन बे
वैयक्तिक तुम्हीच केलं.

अंकाचं काम
थांबा दोघंही. दोष लिहिणाऱ्याचाच असतो असं नाही. मी दिवाळी अंकाचं बघते. लेखक फोनवर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, शुद्ध ‘दऱ्या’ पाठवतो. आमचा जुळारी अजून जुन्या फॉन्टवर पानं लावतो, त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. मजकूर तिकडे बदलून घेताना ऱ गळतो, कधी अख्खं जोडाक्षर फुटतं. देवनागरी 1991 पासून युनिकोडमध्ये आहे. लेखकांनी कर्ज काढून फोन घ्यायचे आणि आम्ही पानं जुन्याच फॉन्टवर लावायची, याची मला लाज वाटते. यंदा मालकांशी भांडणार आहे.

शिफ्ट जे
हे मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी दोन लेखकांना मी ऱवरून चार शब्द सुनावलेत. चूक त्यांची नसेलही. तरी इन्स्क्रिप्ट शिकाच.

गुडघ्यावरची डायरी
मूळ मुद्दा राहिला बाजूला. ताई, उभ्याने डायरी धरता येत नाही, हे मान्य. तेवढंच मान्य. डायरी भरली की मी घरी येऊन पुन्हा सगळं लिहून काढायचो आणि त्या दुसऱ्या लिहिण्यात कथा घडायची. फोनवरचं पहिलंच लिहिलेलं तसंच्या तसं अंकाला जातं, ही माझी खरी तक्रार आहे.

डब्यातली लेखणी
माझं जात नाही, सर. सकाळचं लिहिलेलं परतीच्या गाडीत कुर्ल्यापासून पुन्हा वाचते आणि खोडते. चाव्यांच्या जुडीचा परिच्छेद सहाव्यांदा लिहितेय. अजून जमलेला नाही.