तातडीनं मदत हवी: बीटीचं दूध बाळाला द्यायचं की बंद करायचं?

खानापूरची_सून: सासूबाईंनी सकाळपासून दूध बंद केलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय म्हणे, बीटीचा जीन पोटातून रक्तात जातो आणि बाळाच्या अंगात कायमचा बसतो. खरं की खोटं एवढंच सांगा. संध्याकाळच्या आत.

निपाणी_अण्णा: ताई, बीटी दूध असं काही नसतं. बीटी म्हणजे बोंडअळी मरावी म्हणून एका जिवाणूचा जीन घातलेला कापूस. पाकिटाचं की घरच्या म्हशीचं? बाळ केवढं?

खानापूरची_सून: घरचं. सरकीची पेंड घालतो, बैलहोंगलकडून येते.

निपाणी_अण्णा: मग पेंड बीटीचीच असणार. 2002 ला परवानगी मिळाल्यापासून सगळीकडे तोच कापूस.

जीवशास्त्र_शिकवते: जीन म्हणजे डीएनएचाच तुकडा. आणि डीएनए भाकरीत असतो, मेथीत असतो, मटणात असतो. माणूस रोज साधारण 0.1 ते 1 ग्रॅम डीएनए खातोच. जठरातलं आम्ल आणि स्वादुपिंडाची विकरं त्याचा भुगा करतात, त्यात बीटीचा जीन वेगळा काढून ठेवत नाहीत. 2004 मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी माणसांना बाहेरचा जीन घातलेलं (जीएम) सोया खायला दिलं. मोठं आतडं काढलेल्या 7 जणांच्या लहान आतड्यातून जीनचा थोडा भाग टिकून बाहेर आला. आतडी शाबूत असलेल्या 12 जणांच्या शौचात तो सापडला नाही. तुमच्याकडे तर आधी म्हैस पचवते. गाईच्या दुधात वनस्पतींच्या डीएनएचे बारीक तुकडे सापडलेत, पण साध्या चाऱ्याचेही सापडतात.

देशी_बियाणं: तुकडे सापडतात म्हणजे जातातच की! जयधर हा आपला देशी कापूस होता तेव्हा असले प्रश्न नव्हते. धारवाडच्या कृषी विद्यापीठात आमच्या कुडचीच्या वांग्यातसुद्धा बीटी घातलं होतं. 2010 ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी थांबवलं, फार बरं केलं.

निपाणी_अण्णा: वांग्याचं कुणी विचारलं? आणि ते थांबलं ते आणखी चाचण्या हव्यात म्हणून. जीन अंगात बसतो असं कुणी सिद्ध केलं नव्हतं.

देशी_बियाणं: चाचण्या हव्यात हेच तर मी म्हणतोय.

अथणी_डेअरी: भांडण नंतर करा. ताई, पेंडीच्या पोत्यात हात घालून बघा. बुरशी धरली असेल तर त्यातलं अफलाटॉक्सिन दुधात उतरतं आणि उकळूनही जात नाही. डीएनए पचतो, हे विष पचत नाही. दूध संकलनात आम्ही याच्याच मागे असतो.

अंगणवाडी_अक्का: बाळाचं वय सांगितलंच नाही तुम्ही.

खानापूरची_सून: दहा महिने. अंगावरचं कमी पडतं म्हणून वाटीनं म्हशीचं पाजतो.

अंगणवाडी_अक्का: मग बीटी असो नसो, वर्षाच्या आत म्हशीचं दूध पाजू नका. त्यात लोह कमी, बाळाचं रक्त कमी होतं. अंगावरचं चालू ठेवा, जोडीला नाचणीची पेज, मऊ वरणभात. कमी पडतं म्हणताय ते डॉक्टरांना आजच दाखवा.

खानापूरची_सून: पोतं उपसलं. तळाला हिरवट ढेकळं आहेत, वास कुबट. वरची पेंड कोरडी आहे. ती घालायची का?

अथणी_डेअरी: नको, सगळं पोतं बाजूला काढा. नुसती ढेकळं वेचून भागत नाही. पेंड बदलली की तीन-चार दिवसांत दूध सुधारतं, तोवर घरातल्या लहानांना देऊ नका. नवं पोतं फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात खानापुरात ओल लगेच धरते.