अजान चा यांची शेवटची दहा वर्षं: कुणी त्या विहारात गेलं आहे का?

शेवंती

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, तरी विचारते.

माझे बाबा जुने विपश्यना साधक. इगतपुरीला त्यांचं पहिलं शिबिर झालं तेव्हा मी शाळेत होते, आणि तेव्हापासून पहाटेची बैठक त्यांनी लग्नाकार्याच्या घरातसुद्धा चुकवली नाही. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणसं ओळखतात, सगळं समजतं, पण मांडी घालून बसणं आता होत नाही. परवा भेटायला आलेले एक नातेवाईक त्यांच्या देखत म्हणाले, "आयुष्यभर एवढं ध्यान केलं, शेवटी काय मिळालं?" बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, आणि तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

बाबांच्या कपाटात थायलंडच्या अजान चा या भिक्खूंचा एक जुना फोटो आहे. त्यांच्याविषयी शोधलं तर बहुतेक ठिकाणी सुविचार सापडतात, आणि शेवटची दहा वर्षं एका ओळीत उरकलेली असतात: आजारी होते, अंथरुणाला खिळले. मला नेमकं तेवढंच हवं आहे. त्या काळात विहारात काय चालायचं? शिष्य काय करायचे? कुणी तिथं जाऊन आलेलं असेल तर सविस्तर लिहा. बाबांना वाचून दाखवणार आहे.

लिंबलोण

शेवंती, आधी बाबांना माझा नमस्कार सांग. तुला अगं-तुगं करतेय, माझ्या मुलीच्या वयाची असशील असं धरून.

यांच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं थायलंडमध्ये आहोत. वात नोंग पाह पोंग या त्यांच्या विहारात मी जानेवारीत गेले आहे, त्यांच्या स्मृतिदिनाला. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने उबोन रात्चथानी. स्टेशन वारिन चामराप या गावात आहे, तिथून विहार जवळच. तुला शेवटच्या वर्षांचं ऐकायचं आहे, पण थोडं आधीपासून सांगते, नाहीतर ती वर्षं कळायची नाहीत.

अजान (म्हणजे आचार्य) चा याच भागातले. १७ जून १९१८ चा जन्म, शेतकऱ्याचं मोठं कुटुंब, घरात बोली लाओ. लहानपणी काही वर्षं श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होते, मग शेतीच्या कामासाठी घरी परतले, आणि विसाव्या वर्षी, २६ एप्रिल १९३९ ला, भिक्खू झाले. पुढं पालीचा अभ्यास चालू होता. त्यातच वडील आजारी पडले आणि गेले. हे वाचून मी थांबले होते. वडिलांचं मरण जवळून पाहिल्यावर या माणसाला पोथीतलं ज्ञान पुरेना झालं. १९४६ मध्ये त्यांनी अभ्यास सोडला आणि पायी निघाले. जंगलात राहायचं, स्मशानात राहायचं, मिळेल ती भिक्षा खायची. त्या भटकंतीत ते अरण्यवासी परंपरेतले थोर गुरू अजान मुन यांना भेटले. सहवास जेमतेम काही दिवसांचा, पण तो जन्मभर पुरला.

१९५४ मध्ये ते आपल्या गावाजवळच्या पाह पोंगच्या रानात येऊन राहिले. ते रान हिवतापाचं, आणि लोकांच्या मते भुतांचंही. सोबतचे भिक्खू तापाने फणफणायचे, औषध नाही, अन्न तुटपुंजं. त्यांची आईही पुढं तिथंच मेची, म्हणजे पांढऱ्या वस्त्रातली साध्वी, होऊन राहिली. त्या रानातल्या विहाराच्या आज तीनशेच्या वर शाखा आहेत.

त्यांची शिकवण बैठकीपुरती कधीच नव्हती, बाबांसाठी हे महत्त्वाचं आहे. पहाटे तीनला घंटा, मग पाठ आणि ध्यान. उजाडता अनवाणी भिक्षेला जायचं, दिवसाला एकच जेवण. त्यानंतर अंगण झाडणं, विहिरीचं पाणी ओढणं, चिवरं शिवणं. पौर्णिमा-अमावास्येला रात्रभर जागून बसायचं. प्रवचन कधी तासन् तास चाले, आणि फरशीवर बसून पाय बधिर झालेला भिक्खू मनातल्या मनात "आता पुरे" म्हणत असे. ते "आता पुरे" म्हणणारं मन पाहणं हीच तिथली साधना. १९६७ मध्ये सुमेधो नावाचे अमेरिकन भिक्खू आले, तेव्हा त्यांनाही वेगळी सोय मिळाली नाही. जे सगळ्यांना तेच तुम्हाला. हेच सुमेधो पुढं इंग्लंडमधल्या विहारांचे प्रमुख झाले. १९७९ मध्ये अजान चा अमेरिकेतल्या एका ध्यानकेंद्रात गेले होते. हिरवळीवर लोक एकेक पाऊल मोजत संथ चालताना पाहून ते त्यांच्याजवळ जाऊन म्हणत राहिले, "लवकर बरे व्हा, लवकर बरे व्हा." मला हा प्रसंग फार आवडतो. त्यांच्या नजरेत सगळीच माणसं आजारी होती, बसू शकणारी आणि न बसू शकणारीही.

आता तुझा प्रश्न.

मधुमेह होताच. १९८१ मध्ये प्रकृती ढासळली, बँकॉकला मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, पण फारसा उतार पडला नाही. काही महिन्यांत वाचा गेली, मग हळूहळू हातपायही गेले. १६ जानेवारी १९९२ ला ते गेले. ज्यांच्या बोलण्यासाठी जगभरातून माणसं त्या रानात यायची, ते इतकी वर्षं एक शब्द न बोलता पडून होते.

त्यांच्यासाठी विहारात वेगळी कुटी होती आणि भिक्खू पाळीपाळीने चोवीस तास जवळ असत. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, मलमूत्र काढणं, खुर्चीत बसवून बाहेर उन्हाला नेणं. थाई भिक्खू असत तसेच परदेशीही. जवळच बुंग वाय इथं १९७५ मध्ये त्यांनी परदेशी शिष्यांसाठी वात पाह नानाचात हा विहार काढला होता, तिथलेही सेवेच्या पाळीला येत. हे काम कुणावर लादलेलं नव्हतं, त्या पाळ्या मागून घेतल्या जात. लोक दुरून येत, कुटीपुढं वाकून नमस्कार करत आणि परत जात. शिष्य म्हणत, लुआंग पो (सगळे त्यांना प्रेमाने असंच म्हणतात, आपण "बाबा" म्हणतो तसं) अजून शिकवताहेत, आता शरीराने शिकवताहेत.

मी हे आधी वाचलं तेव्हा मला ते नुसतं समाधान करून घेणं वाटलं होतं. तिथं एका वृद्ध थाई बाईंशी बोलले, त्या तरुणपणी तिथं येत असत. त्या म्हणाल्या, "प्रवचनात अनित्य हा शब्द शेकडो वेळा ऐकला होता. खुर्चीत मान कलंडलेले लुआंग पो पाहिले, तेव्हा तो कळला." मग माझा विचार बदलला.

एक गोष्ट बाबांना नक्की वाच. आजारी पडण्याआधी अजान चांनी मरणाला टेकलेल्या एका वृद्ध उपासिकेसाठी प्रवचन दिलं होतं. तिला त्यांनी सांगितलं की शरीर त्याच्या धर्माने चाललं आहे, त्याला चालू दे, तू श्वासावर राहा. आणि मग ते खोलीतल्या घरच्या माणसांकडे वळले. आईवडिलांची घाण काढताना तोंड वेडंवाकडं करू नका, एकेकाळी त्यांनी तुमची काढली आहे. आधी तुम्ही त्यांची लेकरं होतात, आता तुम्ही त्यांचे आईबाप झाला आहात. उपकार फेडायची संधी हीच. असा त्याचा आशय आहे, शब्द माझे. पुढं काही काळाने त्यांच्या स्वतःच्या शिष्यांनी हेच दहा वर्षं करून दाखवलं.

तुझ्या नातेवाइकांना उत्तर द्यायचं असेल तर मी एवढंच म्हणेन: काय मिळालं ते बाबांच्या अंगावर शोधू नका, त्यांच्या भोवतालच्या माणसांच्या वागण्यात शोधा. कपाटातला फोटो काढून त्यांना दिसेल असा लाव.

प्रश्नचिन्ह

लिंबलोणताई, मनापासून लिहिलंय, आवडलं. एक शंका, भांडायला नव्हे. सगळं अनित्य, सोडून द्या अशी शिकवण असेल, तर मेंदूची शस्त्रक्रिया कशाला, दहा वर्षं एवढी शुश्रूषा कशाला? शिष्यांनाच सोडता आलं नाही, असंही म्हणता येईल ना?

लिंबलोण

दादा, याचं उत्तर त्यांनीच आधी देऊन ठेवलंय. वादळात एका भिक्खूच्या कुटीचं छप्पर अर्धं उडालं. त्याने ते नीट केलंच नाही, पाऊस आला की कोरड्या कोपऱ्यात सरकायचा. अजान चांनी विचारलं तर म्हणाला, मी अनासक्तीचा अभ्यास करतोय. ते म्हणाले, ही तर म्हशीची उपेक्षा (म्हणजे समता) झाली, पावसात नुसतं उभं राहण्याची. छप्पर शाकारायचं, आणि शाकारलेलं छप्पर उद्या पुन्हा उडालं तर रडायचं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे शुश्रूषेचंही तसंच. औषधपाणी, स्वच्छता, प्रेम, यात कसूर नाही. फक्त "बरे झालेच पाहिजेत" हा हट्ट नाही.

सह्यवारा

ताईंनी छान लिहिलंय. मी इगतपुरीला अनेकदा धम्मसेवा दिली आहे, त्यामुळे दोन गोष्टी.

पहिली, विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, महावग्ग या भागाची कथा. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कुणी लक्ष देत नव्हतं. भगवान बुद्धांनी आनंद या शिष्याला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला न्हाऊ घातलं, उचलून अंथरुणावर ठेवलं. मग भिक्खूंना सांगितलं की तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाहीत तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. शिवाय शिष्याने गुरूची शुश्रूषा कशी करायची याचे नियमच विनयात आहेत. पाह पोंगच्या भिक्खूंना हे नियम पाठ होते, म्हणून त्यांना ती सेवा साधनेपासून वेगळी वाटली नसावी.

दुसरी गोष्ट शेवंतीताईंसाठी. अजान चांची परंपरा थाई अरण्यवासी भिक्खूंची. इगतपुरीची विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी गृहस्थ होते, त्यांची परंपरा ब्रह्मदेशातली, सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून आलेली. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या आहेत. बाबांना अजान चांचं चरित्र जरूर वाचून दाखवा, प्रेरणा मिळेल. पण आता त्यांना नवीन पद्धत शिकवायला जाऊ नका, इतक्या वर्षांची सवय आहे तीच चालू दे. आडवं पडून आनापान, म्हणजे श्वास पाहणं, होतं, संवेदनाही पाहता येतात. मांडी हा काही धम्म नव्हे. तुमच्या भागातल्या जुन्या साधकांना सांगून आठवड्याची सामूहिक साधना तुमच्या घरी, बाबांच्या खोलीत ठेवता येईल का पाहा. तासभर दहाजण शांत बसले, शेवटी मंगल मैत्री (सर्वांच्या भल्याची भावना) झाली, की त्यांना आपण समूहाबाहेर पडलो असं वाटणार नाही. स्थानिक सहायक आचार्यांना विचारून ठरवा, बहुतेक आनंदाने येतील.

शेवंती

सगळ्यांचे आभार. लिंबलोण काकू, तुमचा प्रतिसाद काल दुपारी बाबांना वाचून दाखवला. हिवतापाच्या रानाशी आले तेव्हा डोळे मिटले, मला वाटलं झोपले. घरच्यांना सांगितलेला भाग आला तसे डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि आईकडे बोट केलं. आई दिवसरात्र त्यांचं करते. तो भाग मी आईसाठी पुन्हा वाचला. आई काही बोलली नाही, पण संध्याकाळी तिने स्वतःहून विचारलं, "त्या विहारात बायकांना राहता येतं का गं?"

फोटो लावला आहे. सह्यवारा, आमच्या इथल्या साधकांशी बोलणं झालं. रविवारी सकाळी आठ वाजता ठरलंय, खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणते. ते नातेवाईकही जवळच राहतात. त्यांना बोलवावं की नाही यावर माझा आणि भावाचा वाद चालू आहे.

आईच्या प्रश्नाचं काय सांगू?

लिंबलोण

येतं, सांग आईला. मेचींचा विभाग वेगळा आहे, बायकांची राहायची सोय तिकडंच. पांढरे साधे कपडे, पातळ अंथरूण, विजेरी आणि डासांसाठी मलम घेऊन जायचं. जेवण दिवसातून एकदा, सकाळचं, चिकट भात आणि भाज्या. मांसाहारही वाढलेला असतो, नको असेल तर आपण घ्यायचा नाही. तीनला उठावं लागतं. स्मृतिदिनाचा कार्यक्रम दरवर्षी १२ ते १७ जानेवारीला असतो. हजारो भिक्खू आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं झाडांखाली मच्छरदाणीच्या छत्र्या टांगून राहतात आणि गावोगावचे लोक फुकट जेवणाचे मांडव घालतात. १६ तारखेला सगळे फुलं घेऊन त्यांच्या अस्थी ठेवलेल्या चैत्याला प्रदक्षिणा घालतात. १९९३ च्या जानेवारीत अंत्यसंस्कार झाला तेव्हा राजा-राणीसह लाखो लोक आले होते. आजही त्या आठवड्यात गर्दी असते, त्यामुळे पहिल्यांदा जाताना दुसरा एखादा शांत महिना बरा. आईला यायचं असेल तेव्हा मला निरोप पाठव, उबोनपर्यंत मी सोबत येईन.

आणि त्या नातेवाइकांना रविवारी बोलव. पुढच्या रांगेत बसव.