एडमंटन ऑइलर्सचा २०२३-२४चा हंगाम: कप जूनमध्ये गेला की ऑक्टोबरमध्ये?

बर्फरेषा (प्रश्न)

नमस्कार. २४ जून २०२४ रोजी फ्लोरिडातील सनराइझ येथे झालेल्या स्टॅनले कपच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीग एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना कॅनडातील एडमंटन ऑइलर्सने फ्लोरिडा पँथर्सकडून २-१ असा गमावला, आणि त्यानंतर त्या हंगामाविषयी जे काही वाचले त्यातल्या बहुतेक लिखाणाशी माझे मन सहमत होत नाही. सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी गोष्ट अशी आहे: संघाची सुरुवात भयंकर झाली, प्रशिक्षक बदलला, सगळे सुरळीत झाले आणि शेवटी नशिबाने दगा दिला. मला यातले पहिले वाक्य तेवढे पूर्ण पटते.

सुरुवात खरोखरच भयंकर होती. ११ ऑक्टोबर २०२३ रोजी व्हँकुव्हरने पहिल्याच सामन्यात ८-१ असा पराभव केला. कर्णधार मॅक्डेव्हिड दुखापतीमुळे दोन सामने बाहेर बसला आणि परतल्यावरही काही काळ त्याच्या पायांत नेहमीचा वेग दिसत नव्हता. ९ नोव्हेंबरला, त्या वेळी तळाशी असलेल्या सॅन होजेकडूनही संघ ३-२ असा हरला. तीनच दिवसांनी जे वूडक्रॉफ्ट यांना प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात आले आणि क्रिस नॉब्लॉक आले. तोपर्यंतच्या १३ सामन्यांत ३ विजय, ९ पराभव आणि अतिरिक्त वेळेतील १ पराभव, म्हणजे एकूण ७ गुण (विजयाला २, अतिरिक्त वेळेतील पराभवाला १) जमले होते.

पण वूडक्रॉफ्ट यांच्या हाताखालीही हा संघ समोरच्यापेक्षा अधिक चांगल्या संधी निर्माण करत होता, असे मला ते सामने पाहताना सतत वाटत असे. पक (खेळाची रबरी चकती) जाळीत जात नव्हता आणि आपल्या जाळीकडे आलेला पक अडवला जात नव्हता, एवढाच फरक होता. ज्या माणसाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सूत्रे हाती घेऊन त्याच वर्षी संघाला पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत नेले, त्याच्यावर सगळा दोष टाकून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून माझा प्रश्न असा आहे की हा हंगाम नेमका कशामुळे फिरला, आणि इतका फिरूनही कप हातातून निसटला तो जूनमधल्या अंतिम फेरीच्या पहिल्या तीन सामन्यांतील पराभवांमुळे की त्याच्या कितीतरी आधी?


तिसरी फळी

आपला प्रश्न मला फार योग्य वाटला, आणि माझे उत्तर स्पष्ट आहे: कप ऑक्टोबरमध्ये गेला. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, गुणतक्त्यावरून म्हणतो आहे.

नियमित हंगामाअखेर ऑइलर्सचे १०४ गुण झाले. त्यांपैकी ९७ गुण नॉब्लॉक यांच्या ६९ सामन्यांतले आहेत (४६ विजय, १८ पराभव, अतिरिक्त वेळेतील ५ पराभव), आणि पहिल्या १३ सामन्यांतले फक्त ७. फ्लोरिडाचे गुण होते ११०. अंतिम फेरीत ज्या संघाचे गुण अधिक, त्याच्या मैदानावर पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना होतो. त्या १३ सामन्यांत ऑइलर्सने फार पराक्रम न गाजवता केवळ निम्मे गुण मिळवले असते, म्हणजे १३ किंवा १४, तर एकूण आकडा ११० किंवा १११ झाला असता आणि सातवा सामना ऑइलर्सच्या घरच्या रॉजर्स प्लेसमध्ये होण्याची शक्यता निर्माण झाली असती. व्हँकुव्हरच्या १०९ गुणांचेही तेच. नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, त्यांच्याविरुद्ध झालेल्या मालिकेचा सातवा सामनासुद्धा परक्या मैदानावर खेळावा लागला तो याच घसरणीमुळे.

नॉब्लॉक यांच्याविषयी मात्र मी आपल्याइतका साशंक नाही. त्यांनी फार मोठे फेरबदल केले नाहीत हे खरे आहे, पण त्यांच्याबरोबर सहायक प्रशिक्षक पॉल कॉफी बचावपटूंच्या बाकामागे उभे राहिले आणि तेथे मला डोळ्यांना दिसेल असा बदल जाणवला. दबाव आला की पक मैदानाभोवतीच्या काचेवरून भिरकावून द्यायचा, ही सवय कमी झाली आणि बचावपटू क्षणभर थांबून पास शोधू लागले. इव्हान बुशारच्या हंगामात हे सर्वांत ठळक दिसते. त्याने ८२ गुण (स्वतःचे गोल आणि गोलला कारणीभूत ठरलेले पास, म्हणजे साहाय्ये, मिळून) मिळवले आणि प्लेऑफमध्ये आणखी ३२. चुकला तरी बाकावर बसवले जाणार नाही, ही खात्री असलेला तरुण बचावपटू कसा खेळतो, ते त्याच्याकडे पाहून कळते.

आणखी एक गोष्ट. २१ डिसेंबरपासून २७ जानेवारीपर्यंतच्या सलग १६ विजयांची चर्चा नेहमी पिट्सबर्गच्या १९९२-९३ मधील १७ विजयांच्या विक्रमाशी तुलना करून थांबते. मला त्यातले पराक्रमापेक्षा कष्ट अधिक दिसतात. पहिल्या महिन्यातला खड्डा भरून काढण्यासाठी त्या संघाला हिवाळाभर प्रत्येक सामना प्लेऑफसारखा खेळावा लागला, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात जे थकलेले पाय दिसले त्यांचे एक कारण तेही असावे, असे माझे मत आहे.


जाळीसमोर

वरील प्रतिसादातील हिशेब बरोबर आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. परक्या मैदानाचे एवढे भय असते, तर ऑइलर्सने व्हँकुव्हरमध्ये जाऊन सातवा सामना ३-२ असा जिंकला नसता. नियमित हंगामात त्याच व्हँकुव्हरने त्यांना चारही वेळा हरवले होते, हेही लक्षात घ्यावे. अंतिम फेरीचा पाचवा सामना तर त्यांनी फ्लोरिडातच ५-३ असा जिंकला. कप जूनमध्येच गेला, आणि तोही मालिकेच्या पहिल्या तीन सामन्यांत, ३-०, ४-१ आणि ४-३ अशा पराभवांनी. त्या तीन सामन्यांत ऑइलर्सचा पॉवर प्ले (समोरच्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ), जो वर्षभर या संघाचे सर्वांत धारदार हत्यार होता, एकही गोल करू शकला नाही. पहिल्या सामन्यात फ्लोरिडाच्या गोलरक्षक बॉब्रॉव्स्कीने ३२ फटके अडवले. तो एक सामना जिंकला असता तर पुढचे सगळे गणित बदलले असते.

हंगाम कशामुळे फिरला, या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण येथे अजून गोलरक्षकाचे नावही आलेले नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जॅक कॅम्पबेलला बेकर्सफील्डच्या दुय्यम संघात पाठवण्यात आले, तेव्हा त्याचा वर्षाला ५० लाख डॉलरचा करार अजून बरीच वर्षे शिल्लक होता. लीगच्या त्या हंगामातील ८ कोटी ३५ लाख डॉलरच्या वेतनमर्यादेत ही चूक किती महागात पडली, हे वेगळे सांगायला नको. त्या क्षणापासून सगळा भार स्टुअर्ट स्किनरवर आला. एडमंटनमध्येच जन्मलेला आणि वाढलेला हा मुलगा, घरच्या लोकांसमोर रोज चुकत होता आणि रोज उभा राहत होता. सलग १६ विजयांपैकी १२ सामन्यांत जाळीसमोर तो होता.

व्हँकुव्हरविरुद्धच्या मालिकेत त्याला दोन सामने बाहेर बसवून केल्विन पिकर्डला संधी दिली गेली, तेव्हा अनेकांनी त्याचा हंगाम संपला असे गृहीत धरले होते. तो सहाव्या सामन्यात परतला आणि संघाने उरलेले दोन्ही सामने जिंकले. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतील डॅलसविरुद्धचा सहावा सामना ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवत असेल की डॅलसने जाळीवर ३५ फटके मारले आणि ऑइलर्सने अवघे १०, तरीही निकाल ऑइलर्सच्या बाजूने २-१ असा लागला. मॅक्डेव्हिड आणि हायमन यांचे दोन्ही गोल पॉवर प्लेमध्ये आले आणि उरलेला सगळा वेळ स्किनरने एकट्याने संघाला तरंगत ठेवले. गोलरक्षक हा संघाचा दुबळा दुवा आहे, असे वर्षभर म्हणणाऱ्यांनी त्या रात्रीची नोंद प्रामाणिकपणे करायला हवी.

दुसरा न बोलला जाणारा भाग म्हणजे पेनल्टी किल. एक खेळाडू कमी असताना ऑइलर्सने प्लेऑफमध्ये ७० पैकी ६६ वेळा गोल होऊ दिला नाही. पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी लॉस एंजेलिसला १२ संधी मिळाल्या आणि डॅलसला १४, पण दोघांनाही एकही गोल करता आला नाही. नियमित हंगामात हाच विभाग जेमतेम मध्यम दर्जाचा होता. या विभागातील यानमार्क आणि कॉनर ब्राउन ही नावे करारांच्या यादीत कोणाच्या डोळ्यांत भरणारी नाहीत. ब्राउनला तर मार्चपर्यंत एकही गोल करता आला नव्हता आणि त्याच्यावर झालेली टीका मला तेव्हाही बोचत असे, कारण गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूला वेळ लागतोच. अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात एक खेळाडू कमी असताना यानमार्कने पहिला गोल केला, आणि पाचव्या सामन्यात तशाच परिस्थितीत ब्राउनने. ०-३ अशा पिछाडीवरून मालिका ३-३ वर आणण्याची वाट या दोघांनी मोकळी केली आणि मग मॅक्डेव्हिड त्या वाटेने धावला. त्या दोन्ही सामन्यांत त्याने प्रत्येकी ४ गुण मिळवले. अंतिम फेरीत सलग दोन सामन्यांत असे करणारा तो पहिलाच खेळाडू.


दक्षिण किनारा

मी फ्लोरिडा पँथर्सचा चाहता आहे, त्यामुळे माझे मत थोडक्यात मांडतो. २०२३ मध्ये आमचा संघ अंतिम फेरीत व्हेगासकडून पाच सामन्यांत हरला होता, आणि २०२४ च्या सातव्या सामन्यातील पँथर्स त्या पराभवाशिवाय समजणार नाहीत. चौथ्या सामन्यात ८-१ असा मार बसल्यावर आणि सहाव्या सामन्यात ५-१ असे हरल्यावर माझ्याही मनात १९४२ चे टोरंटो उभे राहिले होते, कारण अंतिम फेरीत ०-३ वरून कप जिंकणारा तोच एकमेव संघ आहे. आमचा कर्णधार बार्कोव आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सातव्या सामन्यात मॅक्डेव्हिडला एकही गुण मिळू दिला नाही. कप ऑइलर्सने कधी गमावला, याची चर्चा करताना तो समोरच्या संघाने जिंकला, याचीही दखल घ्यावी, एवढीच विनंती.


बर्फरेषा

सर्वांचे मनापासून आभार. पँथर्सच्या चाहत्याची विनंती मला पूर्णपणे मान्य आहे. फ्लोरिडाच्या राइनहार्टने सातव्या सामन्यात दुसऱ्या सत्राच्या उत्तरार्धात केलेल्या गोलनंतर त्या संघाने जी शिस्त दाखवली, ती मी कधीही नाकारणार नाही.

‘तिसरी फळी’ यांचा गुणांचा हिशेब वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो. मी पहिल्या १३ सामन्यांकडे दुर्दैव म्हणून पाहत होतो आणि म्हणूनच ते मनातून वजा करत होतो. परंतु दुर्दैवाने गेलेले गुणही गुणतक्त्यात गेलेलेच असतात. वूडक्रॉफ्ट यांच्यावर अन्याय झाला, हे माझे मत कायम आहे, आणि त्यांना दूर केले नसते तरी संधींचे रूपांतर कधी ना कधी गोलांत झाले असते, असेही मला वाटते. तरीसुद्धा बचावपटूंच्या वागण्यातला जो बदल आपण सांगितला, तो केवळ काळाच्या ओघात झाला असता असे मी म्हणू शकत नाही.

माझे मत खरे बदलले ते ‘जाळीसमोर’ यांच्या प्रतिसादाने. मॅक्डेव्हिडने हंगामात १०० साहाय्ये नोंदवली, प्लेऑफमध्ये ३४ साहाय्ये करून ग्रेट्झ्की यांचा १९८८ चा ३१ साहाय्यांचा विक्रम मोडला आणि पराभूत संघात असूनही प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी मिळवली. त्याच्या तेजामुळे मी इतर सर्वांना त्याच्या सावलीतच पाहत आलो होतो. हायमनचे नियमित हंगामातले ५४ गोलसुद्धा मी मॅक्डेव्हिडच्या खात्यात टाकत असे, आणि ते चूक होते, कारण प्रतिस्पर्धी बचावपटूंचे धक्के खात जाळीपुढे पाय रोवून उभे राहण्याचे काम हायमनच्या वतीने दुसरे कोणी करत नव्हते.

तरीही कप जूनमध्येच गेला, हे मी स्वीकारू शकत नाही. ०-३ वरून ३-३ पर्यंत आलेल्या संघाजवळ सातव्या सामन्यात खेळाची कमतरता नव्हती. तिसऱ्या सत्रात ते बरोबरीच्या एका गोलसाठी अखेरपर्यंत झगडत राहिले. तोच सामना आपल्या प्रेक्षकांसमोर झाला असता, तर त्या शेवटच्या वीस मिनिटांत थकलेल्या पायांना आणखी थोडे बळ मिळाले असते, असे माझे मन सांगते. गेल्या काही महिन्यांत मी तो सातवा सामना तीन वेळा पाहिला आहे. या आठवड्यात मात्र डॅलसविरुद्धचा सहावा सामना पुन्हा पाहणार आहे, आणि या वेळी नजर मॅक्डेव्हिडवर न ठेवता पूर्ण वेळ स्किनरवर ठेवणार आहे.